डावी टाकी, उजवी टाकी

इंजिनियर मुलाला जुनी गाडी घेऊ देऊ नये, असं आमच्या बाबांचं स्पष्ट मत आहे. "तू ती चालवणार कमी आणि उघडणार जास्त." मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे स्पॅनरशी माझा संबंध फारसा नाही हे त्यांना अजून पटलेलं नाही. पण गाडी घेतली ती खरं तर त्यांच्यासाठीच. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर आमच्या छोट्या हॅचबॅकमध्ये बसणं म्हणजे त्यांना आधी वाकणं, मग घसरणं आणि शेवटी कण्हणं असं तीन टप्प्यांत करावं लागायचं. डॉक्टर पुण्यात, आई-बाबा देवरुखला. दर दोन महिन्यांनी दाखवायला आणायचं. म्हणजे सीट उंच हवी, सस्पेन्शन मऊ हवं आणि आंबा घाटातल्या खड्ड्यांचा हिशोब गाडीनं बाहेरच्या बाहेर मिटवायला हवा.

तर ऑक्टोबर २०२१ मध्ये घेतली. २०१३ ची, जर्मन, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, ७८ हजार किलोमीटर चाललेली. (कंपनीचं नाव सांगणार नाही. ओळखणारे ओळखतील, बाकीच्यांचं काही अडणार नाही.) नवी असताना साठ लाखांच्या घरात होती म्हणे, मला पडली तेरा लाखांना. एवढी स्वस्त कशी, याचं उत्तर नंबरप्लेटवर होतं. गाडी गुरुग्रामची. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या आठ-नऊ वर्षांच्या डिझेल एसयूव्ही पिकत आलेल्या आंब्यांसारख्या घाईघाईनं दक्षिणेकडे यायला लागल्या. कागद नीट, एनओसी नीट, सर्व्हिसची जाडजूड फाईल सोबत.

अशा गाडीबद्दल एक गोष्ट घेण्याआधीच नीट समजून घेतलेली बरी. स्वस्त होते ती गाडी, पार्ट नव्हेत. तेरा लाखांची गाडी बिघडली तरी ती साठ लाखांच्या गाडीसारखीच बिघडते आणि बिलही त्याच हिशोबानं येतं. हे मी एक्सेलमध्ये मांडून, दर वर्षी दीड लाख बाजूला ठेवूनच घेतली होती. बायकोनं एक्सेल बघितलं आणि म्हणाली, "यात 'बंद पडली' असा कॉलम नाहीये."

पहिल्यांदा बंद पडली फेब्रुवारी २०२२ मध्ये, बाणेरला, ऑफिसला जाताना. आधी पाच-दहा सेकंद जोर गेल्यासारखा वाटला, मग इंजिन शांत. डॅशबोर्डवर नेहमीचा पिवळा दिवा. काटा टाकीच्या एक तृतीयांशाच्या जरा खाली, आणि स्क्रीनवर 'अजून २९० किमी जाल' असा दिलासा. स्टार्टर फिरतोय, इंजिन काही धरत नाही. टो करून अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली, तर तिथे पोचल्यावर पहिल्या झटक्यात सुरू झाली! (आयटीतल्या लोकांना हा अनुभव नवा नाही. क्लायंटकडे रोज पडणारं सॉफ्टवेअर आपण बघायला बसलो की शहाण्यासारखं चालतं.) त्यांनी डिझेल फिल्टर बदलला, लाईन साफ केली, २२ हजार घेतले आणि वर "कोकणातलं डिझेल भरू नका साहेब, पाणी असतं त्यात" असा सल्लाही दिला. हे बाबांना सांगितल्यावर ते खवळलेच. देवरुखच्या पंपावर ते तीस वर्षं स्कूटर भरत आलेत आणि स्कूटरनं कधी तक्रार केली नाही. मुळात मी तिथे एक थेंबही भरला नव्हता. एका टाकीत पुणे-देवरुख-पुणे होतं, मग कशाला भरेन?

गाडी घरी आणली, टाकी फुल केली, उत्तम चालली. म्हणजे फिल्टरच होता, असं सर्व्हिस सेंटरचं मत पक्कं झालं.

दुसरी खेप जूनमधली, आणि ती मी लवकर विसरणार नाही. बाबांना घेऊन देवरुखहून येत होतो. साखरपा, आंबा घाट, शाहूवाडीचं मलकापूर, कराड, सातारा, सगळं सुरळीत. खंबाटकीचा बोगदा आला. तेव्हा पुण्याकडे येताना वाहतूक बोगद्यातून यायची आणि बाहेर पडल्यावर उताराला ते कुप्रसिद्ध एस वळण होतं, ज्यानं तोवर बरेच जीव घेतले होते. बोगद्याचं तोंड समोर दिसत असताना तोच पाच-दहा सेकंदांचा निर्जीवपणा आणि मग शांतता. मागे मळी भरलेला टँकर.

इंजिन बंद पडलं की अशा गाडीत काय काय जातं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना कल्पना नसते. स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. ब्रेकला व्हॅक्यूमची मदत असते ती दोन-तीन वेळा दाबेपर्यंत पुरते, नंतर सगळं वजन टाकून उभं राहावं लागतं. सव्वादोन टनांची गाडी, उतार, मागे टँकर. एकदाच, सलग ब्रेक दाबून धरला, न्यूट्रल, हॅझर्ड, आणि बोगद्याबाहेर डावीकडच्या पट्टीत कशीबशी घेतली. वळण तिथून चारेकशे मीटरवर असेल. टँकरवाल्यानं हॉर्न दिला नाही, आमच्या मागे स्वतःची गाडी हळू करत आम्हाला आडोसा दिला आणि मग गेला. त्याला मी कधी भेटणार नाही.

टो ट्रक शिरवळहून यायला अडीच तास लागले. बाबा पावसात रेलिंगपलीकडे छत्री धरून उभे. गाडीत बसू नका असं मीच सांगितलं होतं, कारण हायवेवर बंद गाडीत बसणं जास्त धोक्याचं. मणक्याच्या ऑपरेशनला जेमतेम वर्ष झालं होतं. ते एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या टॅक्सीनं घरी पोचल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळेपासून मी यष्टीनं येईन. किंवा येणारच नाही. देवरुखलाही डॉक्टर आहेत."

माझ्यासाठी गाडीचा प्रश्न इथून सुरू झाला. बिल वगैरे नंतरचं.

सर्व्हिस सेंटरमध्ये (पुन्हा एकदा पोचल्यावर गाडी सुरू!) कॉम्प्युटर लावला. कोड निघाला पी००८७, म्हणजे रेलमधला दाब कमी. आणि एस्टिमेट आलं ५ लाख ८७ हजार. हाय प्रेशर पंप, सहाच्या सहा इंजेक्टर, रेल, पाईप आणि पूर्ण सिस्टीम धुणं.

आता हे एस्टिमेट वाटतं तितकं वेडगळ नाही. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबानं तापलेल्या हवेत डिझेलचा अतिशय बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं. फवारा जितका बारीक तितकं जळणं चांगलं, म्हणून दाब जबरदस्त हवा. पूर्वी प्रत्येक सिलिंडरला पंप स्वतंत्र मोजून डिझेल पाठवायचा. कॉमन रेलमध्ये एक जाड नळी कायम प्रचंड दाबाखाली भरून ठेवतात आणि इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर हवं तेव्हा हवं तितकं घेतात. १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ पासून हे प्रवासी गाड्यांत आलं. माझ्या गाडीत आयडलला अडीचशे-तीनशे बार आणि पूर्ण जोर लावल्यावर १८०० बारपर्यंत दाब जातो. आपल्या टायरमधल्या हवेच्या सातआठशे पट. आणि एवढा दाब तयार करणाऱ्या पंपाला वेगळं ऑईल नाही, त्याचं वंगण म्हणजे त्याच्यातून जाणारं डिझेलच. डिझेलमधला गंधक कमी करत करत भारतात बीएस-३ ला ३५० पीपीएम, बीएस-४ ला ५० आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ ला १० पीपीएम केला. हवेसाठी फारच चांगलं, पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक बुळबुळीतपणाही जातो, म्हणून तो परत यावा यासाठी रिफायनरीत वेगळं रसायन घालतात. सांगायचा मुद्दा, पंपात डिझेलऐवजी हवा आली तर धातूवर धातू घासतो, बारीक चुरा सुटतो, तो रेलमधून थेट इंजेक्टरमध्ये. तिथली फट काही मायक्रॉनची. मग खरोखरच सगळं बदलावं लागतं.

म्हणजे दोन शक्यता होत्या. पंप खराब होता म्हणून दाब गेला, किंवा पंपाला डिझेलच मिळत नव्हतं म्हणून दाब गेला. कोड दोन्हीकडे तोच. पहिल्यात खर्च पाच लाख ८७ हजार. दुसऱ्यात खर्च अजून माहीत नाही, पण प्रत्येक वेळी बंद पडताना पंप थोडा थोडा कोरडा घासला जातोय आणि आज नाही तर उद्या पहिली शक्यता खरी होणार. मी विचारलं, बंद पडतानाचा टाकीकडचा दाब कुणी बघितलाय का? "साहेब, आत्ता तर चालूच आहे ना गाडी." बरोबर आहे त्याचं.

इथे बाबांकडून आलेली एक सवय कामाला आली. डिझेल भरलं की किलोमीटर वहीत लिहायचे. त्यांनी स्कूटरचे लिहिले, मी गाडीचे लिहितो. वही काढली. फेब्रुवारीत गाडी बंद पडली टाकी फुल केल्यापासून ६४१ किलोमीटरवर. जूनमध्ये ६३७ किलोमीटरवर.

हे बघितल्यावर मी त्या रात्री झोपलो नाही, आणि ती भीती नव्हती! चार महिन्यांच्या अंतरानं, एकदा शहरात आणि एकदा हायवेवर, चार किलोमीटरच्या फरकानं तीच चूक. खराब पंप असं वागत नाही. खराब पंप चढावर दम टाकेल, गरम झाल्यावर रुसेल, थंडीत उठणार नाही. तो किलोमीटर मोजत बसत नाही. आणि फेब्रुवारीत दुरुस्तीनंतर मी काय केलं होतं? टाकी फुल. म्हणजे बरी होत होती ती फिल्टरनं नव्हे, टाकी भरल्यानं. सर्व्हर रीस्टार्ट केला की मेमरी लीक बरा होतो, तसं.

पण काटा तर २७ लिटर दाखवत होता. ८५ लिटरची टाकी, २७ शिल्लक, आणि गाडी उपाशी?

याचं उत्तर गाडीच्या पोटाखाली आहे. पुढे उभं इंजिन आणि चारही चाकांना जोर, म्हटल्यावर गाडीच्या मधोमध पुढून मागे फिरणारा एक लांब शाफ्ट जातो. टाकी असते मागच्या सीटखाली. शाफ्ट जाणार कुठून? म्हणून टाकी खोगिरासारखी करतात, घोड्याच्या पाठीवर टाकल्यासारखी, मध्ये उंचवटा आणि दोन्ही बाजूंना दोन पिशव्या. वर भरलेली असते तोवर एकच तळं. पातळी उंचवट्याच्या खाली गेली की दोन डबकी. आणि पंप एकाच डबक्यात, आमच्या गाडीत उजव्या.

मग डावीकडचं डिझेल उजवीकडे कसं येतं? दुसरी मोटर बसवत नाहीत. मुख्य पंपाच्या प्रवाहातला थोडासा भाग एका बारीक छिद्रातून जोरात सोडतात. प्रवाह अरुंद जागेतून वेगानं गेला की तिथला दाब उतरतो आणि तो शेजारच्या नळीतून द्रव ओढून घेतो. ती नळी डाव्या डबक्यात सोडलेली. हलणारा भाग एकही नाही. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये पाणी ढकलायला जिफार नावाच्या फ्रेंच माणसानं १८५८ मध्ये याच तत्त्वावर इंजेक्टर काढला होता. आणि आपल्याकडे बोअरवेलला दोन पाईपवाला जेट पंप असतो तोही हाच.

दोन डबकी म्हणून पातळी मोजणारे सेन्सरही दोन. आणि डॅशबोर्डवरचा काटा? दोघांची बेरीज! ज्या कुणी हा कोड लिहिला असेल त्याच्याबद्दल मला व्यावसायिक आपुलकी आहे, पण हे काही खरं नाही. डावीकडे २७, उजवीकडे शून्य ही परिस्थिती प्रोग्रामला अगदी नीट दिसत होती. दोन्ही आकडे त्याच्या हातात होते. त्यानं ते मिळवले, अकरानं गुणले आणि 'अजून २९० किमी' असं सांगून मोकळा झाला. पाच ओळींची एक तपासणी टाकली असती तर बोगद्याच्या अर्धा तास आधी दिवा लागला असता.

आता सिद्ध करायचं होतं. पण त्यासाठी गाडी पुन्हा बंद पाडणं म्हणजे पंपाचा बळी देणं. सुदैवानं दोन्ही सेन्सरचे आकडे वेगळे वाचता येतात. ब्लूटूथचं छोटं डोंगल आणि फोनवर या गाडीचे मोड्यूल वाचणारं ॲप. सर्व्हिस सेंटरमधून गाडी काही न करता घेऊन आलो (त्यांनी 'ग्राहकानं काम नाकारलं' असं लिहून सही घेतली), टाकी फुल केली आणि दोन वीकेंड नुसता फिरलो. मागे वीस लिटरचा कॅन, शेजारी एक मित्र. मित्राला वाटलं आपण ट्रिपला चाललोय.

वहीतले आकडे असे. सुरुवातीला डावी ४०, उजवी ४५. दोनशे किलोमीटरवर ३१ आणि ३६. ३३० वर २७ आणि २८. ४५० वर २७ आणि १७. ५६० वर २७ आणि ७. तिथे थांबलो आणि डिझेल भरलं. पहिले दोन-अडीचशे किलोमीटर दोन्ही बाजू हातात हात घालून खाली येतात आणि मग डावी २७ वर जी थिजते ती थिजतेच. खरं तर गाडी निरोगी असेल तर उलट दिसायला हवं, डावी आधी रिकामी व्हायला हवी. टो केल्यावर सुरू का व्हायची तेही कळलं. ट्रकवर चढताना, वळणावर, ब्रेक मारताना दोन-तीन लिटर उसळून उजवीकडे पडत असणार.

भोसरीत एक मिस्त्री आहेत. चार पोस्ट लिफ्ट, दोन पोरं, आणि अशाच म्हाताऱ्या जर्मन गाड्या. त्यांना वही दाखवली. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आधी पंप वाचलाय का बघू, मग तुमचं गणित." योग्यच होतं. फिल्टर काढून कापला, कागदाच्या घड्या उलगडल्या, लोहचुंबक फिरवलं, उन्हात धरून चकाकी शोधली. काही नाही. मग सहाही इंजेक्टरच्या परतीच्या लाईनला सलाईनच्या नळ्या जोडून सहा बाटल्या टांगल्या आणि इंजिन चालू ठेवलं. ज्याची बाटली लवकर भरेल तो इंजेक्टर गळका. सहाही बाटल्या जवळजवळ सारख्या. ती दहा मिनिटं मी आयुष्यात कुठल्याही डिप्लॉयमेंटला उभा नसेन इतका ताठ उभा होतो. ५ लाख ८७ हजारांपैकी एक पैसाही लागणार नव्हता.

मग बॅटरी काढली, मागची सीट उचलली, गालिचा सारला. खाली दोन गोल झाकणं. डावं उघडलं, हात घातला. मिस्त्रींचा चेहरा दाढ तपासणाऱ्या डॉक्टरसारखा, डोळे छताकडे. "आली," म्हणाले. खडबडीत काळी नळी बाहेर आली, तिचं टोक मोकळं. जिथे बसायला हवी तिथून निसटून उंचवट्यावर लोळत होती आणि इमानेइतबारे हवा ओढत होती. क्लिपचा एक दात तुटलेला.

घरी येऊन ती जाडजूड फाईल शेवटपर्यंत वाचली. २०२० सालचं एक बिल, टाकीतला पंप बदलल्याचं. तिकडच्याच कुठल्याशा गॅरेजचं. नळी परत बसवताना 'कट्ट' आवाज येईपर्यंत दाबायची असते, तेव्हा तो आला नसावा. पहिल्या मालकाला कळलं का नाही? त्याच्या बिलांवरून तो दर तीन-चारशे किलोमीटरला टाकी फुल करणारा माणूस दिसतो. आमच्यासारखं एका टाकीत गाव करून यायची वेळ त्याच्यावर कधी आली नसावी.

नळी आणि क्लिप ३,१००. झाकणांच्या सीलिंग रिंगा दोन, त्या एकदा उघडल्या की नव्याच लागतात, ३,८००. मजुरी २,५००. एकूण ९,४००. मिस्त्री मजुरी घेताना जरा संकोचले, म्हणाले दोन तासांचं तर काम होतं.

बाबांना फोन केला. कॉमन रेल, व्हेंच्युरी वगैरे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आपल्या परसातल्या विहिरीचा फूटव्हॉल्व्ह निसटला होता तसं. मोटर दिवसभर चालू आणि पन्हळीत पाणी नाही."

"तसंच, बाबा."

"मग एवढं इंग्रजी कशाला?"

तरी नोव्हेंबरात त्यांना आणायला गेलो तेव्हा ते लगेच गाडीत बसले नाहीत. आधी फोनवर आकडे दाखव म्हणाले. डावी ११, उजवी ४४. म्हणजे रस्त्यात डावी रिकामी होत होती आणि उजवी भरलेली राहत होती, व्हायला हवं तसंच. चष्मा सारून दोनदा वाचले, खिशातल्या डायरीत तारीख घालून लिहून घेतले आणि मग मागच्या सीटवर, बरोब्बर डाव्या झाकणाच्या वर, उशी ठेवून बसले. कराडला चहा झाल्यावर विचारलं, "आता किती?" तासवड्याच्या टोलनाक्यावर पुन्हा. आणि खंबाटकीच्या अलीकडे, बोगदा दिसायच्या बराच आधी, काही न विचारता त्यांनी हात पुढे केला, फोन मागितला आणि बोगदा संपेपर्यंत तो हातात धरून बसले.

आता डिसेंबरात पुढची खेप आहे. दोन सीलिंग रिंगा जास्तीच्या आणून डिकीत ठेवल्यात.